पिनकोड सेव्ह का होत नव्हता: अँग्युलरजेएसमधल्या एका ॲड्रेस ब्लॉकची केस

ही केस एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीच्या वेब ॲप्लिकेशनची आहे. ॲप्लिकेशन अँग्युलरजेएस या गूगलच्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमधलं, म्हणजे ते जुनं १ पॉइंट समथिंग, नंतर आलेलं अँग्युलर नाही. गूगलने जुन्या अँग्युलरजेएसचा सपोर्ट जानेवारी २०२२ मध्ये बंद केला, पण तो कोड काही त्या दिवशी चालायचा थांबला नाही, पतसंस्था, कॉलेजं, छोट्या कंपन्या यांच्याकडे तो आजही रोज वापरात आहे आणि कुणाला तरी सांभाळावा लागतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्कोपचा, म्हणजे पेजच्या कुठल्या भागाला कुठलं व्हेरिएबल दिसतं याचा, हा घोळ एकदा मुळापासून कळला की व्ह्यू किंवा रिॲक्ट अशा दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये काम करतानाही उपयोग होतो, कारण नावं बदलतात, दुखणं तेच राहतं.

फॉर्ममध्ये पत्ता पाच ठिकाणी होता. सभासदाचा कायमचा पत्ता, पत्रव्यवहाराचा पत्ता, वारसाचा पत्ता आणि दोन जामीनदारांचे पत्ते. प्रत्येकात घर किंवा इमारत, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड अशी तीच खाती, म्हणजे भरायचे रकाने. आधीच्या टीमने तो एचटीएमएलचा तुकडा एकदा लिहून बाकी ठिकाणी कॉपी पेस्ट केला होता, व्हेरिएबलच्या नावाला पुढे काहीतरी अक्षरं जोडून, म्हणजे कायमच्या पत्त्याचं पिन वेगळं, पत्रव्यवहाराचं वेगळं, असं. दिसायला कुरूप पण चालत होतं.

तक्रार अशी आली की पत्रव्यवहाराचा पत्ता भरून सेव्ह केला तरी परत उघडल्यावर तो नसतो. सगळ्यांचा नाही, काहींचा. पतसंस्थेत ही किरकोळ गोष्ट नाही, वार्षिक सभेची नोटीस, थकबाकीची नोटीस सगळं त्याच पत्त्यावर जातं. शाखेतल्या लोकांना वाटलं नेट स्लो आहे म्हणून होतं, डेटाबेसवाल्यांना वाटलं फ्रंटएंड, फ्रंटएंडवाल्यांना वाटलं सर्व्हर. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सेव्हची रिक्वेस्ट उघडून बघितली तर पत्ता तिथेच रिकामा जात होता, म्हणजे सर्व्हरपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. स्क्रीनवर मात्र सगळं टाइप केलेलं व्यवस्थित दिसतंय.

खरा धागा मिळाला तो तक्रारी दोन गटांत वाटल्यावर. नवीन सभासद असेल तर पत्ता रिकामा जातो. जुना सभासद असेल आणि पत्ता बदलला असेल तर रिकामा जात नाही, जुनाच पत्ता परत सेव्ह होतो. ज्याने अँग्युलरजेएसच्या स्कोपशी झटापट केली आहे त्याला एवढ्यावरून कळेल की कुठेतरी चाइल्ड स्कोप, म्हणजे आतल्या भागाचा वेगळा स्कोप, तयार झालाय आणि आपण लिहितोय एकीकडे, वाचतोय दुसरीकडे.

झालं होतं असं. पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा असेल तर एक चेकबॉक्स टिक करायचा आणि मग खालचा भाग उघडायचा. आधी तिथे एनजी-शो होतं, म्हणजे एचटीएमएलमधला भाग दाखवायची-लपवायची अँग्युलरजेएसची सूचना. पेज जड झालं म्हणून नंतरच्या एका रिलीजमध्ये त्याचं एनजी-इफ करण्यात आलं. वाचायला दोन्ही सारखीच, पण एनजी-शो फक्त सीएसएसने लपवतं, एनजी-इफ तो भाग डॉममधून, म्हणजे ब्राउझरने बनवलेल्या पेजच्या झाडातून, काढून टाकतं आणि परत आणताना स्वतःचा नवा चाइल्ड स्कोप तयार करतं. एनजी-इन्क्लूड (दुसरा टेम्प्लेट आणून बसवणारं), एनजी-रिपीट (यादीतल्या प्रत्येकासाठी तुकडा बनवणारं), एनजी-स्विच हे पण तेच करतात. हा चाइल्ड स्कोप जावास्क्रिप्टच्या प्रोटोटाइप साखळीने पेरेंटला जोडलेला असतो. वाचताना जावास्क्रिप्ट आधी स्वतःकडे बघतं, नाही सापडलं तर साखळीने वर जातं, म्हणून जुन्या सभासदाचा जुना पिन एनजी-इफच्या आतही व्यवस्थित दिसतो. पण लिहिताना साखळी चढत नाही. पिन नावाच्या साध्या व्हेरिएबलमध्ये टाइप केलं की चाइल्ड स्कोपवर त्याच नावाची नवी प्रॉपर्टी बनते आणि वरची तशीच राहते, झाकली जाते फक्त. सेव्हचं बटण वरच्या कंट्रोलरचं, म्हणजे पेजचा डेटा सांभाळणाऱ्या कोडचं, ते वरचंच वाचणार. नवीन सभासदाला वर काही नाहीच म्हणून रिकामं, जुन्याला वर जुनं आहे म्हणून जुनं. दोन्ही गट एका झटक्यात समजतात. आणि चेकबॉक्स काढला की एनजी-इफ तो स्कोप नष्ट करतं, टाइप केलेलंही त्याच्याबरोबर गेलं.

पहिला उपाय म्हणून एकाने एनजी-मॉडेलमध्ये, म्हणजे खातं कुठल्या व्हेरिएबलला जोडायचं ते सांगतो तिथे, डॉलर-पेरेंट (एक पायरी वरचा स्कोप) लावून वरच्या पिनला लिहिलं. चाललं. मग त्या भागाभोवती आणखी एक एनजी-इफ आलं, संयुक्त खात्यासाठी, आणि परत बंद पडलं कारण आता दोन पायऱ्या वर जायला हवं होतं. डॉलर-पेरेंट दोनदा, तीनदा लिहिलेला कोड मी जिथे जिथे बघितलाय तिथे तो पुढच्या एचटीएमएल बदलाबरोबर मोडलेला बघितलाय, टेम्प्लेटमध्ये किती पायऱ्या आहेत यावर डेटा कुठे जाणार हे ठरणं हे मुळातच चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे.

अँग्युलरजेएसवाल्यांचा जुना नियम म्हणजे मॉडेलमध्ये डॉट असावा. नुसतं पिन नाही, पत्ता डॉट पिन. मग लिहिताना आधी पत्ता वाचायला लागतो, वाचणं साखळीने वर जातं, वरचा ऑब्जेक्ट सापडतो आणि त्याच्यावर पिन लिहिला जातो. बरोबर आहे, पण यात एक खाच आहे जी लोक सांगायला विसरतात. पत्ता हा ऑब्जेक्ट वरच्या कंट्रोलरमध्ये आधीच तयार असायला पाहिजे. तो अजून नसेल तर अँग्युलरजेएस मधला ऑब्जेक्ट स्वतःच बनवतं आणि बनवतं ते चाइल्ड स्कोपवर, म्हणजे डॉट असूनही पुन्हा तीच गत. इथे नवीन सभासदाच्या बाबतीत नेमकं तेच होत राहिलं, कारण ऑब्जेक्ट सर्व्हरच्या उत्तरातून यायचा आणि नवीन सभासदाला उत्तरच नव्हतं. कंट्रोलरच्या सुरुवातीला रिकामा ऑब्जेक्ट ठेवल्यावर बग गेला.

इथे थांबता आलं असतं, पण पाच कॉप्या तशाच होत्या आणि त्यांचा त्रास वेगळा होता. पिनकोड टाकला की राज्य आपोआप भरायचं. त्यासाठीचं टेबल पिनच्या पहिल्या दोन आकड्यांवर चालत होतं. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपल्या कोकणातल्याच माणसाने, डाक खात्यात पिनकोड आणला तेव्हापासून रचना अशी आहे की पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग आणि तिसऱ्यासकट छाननीचा जिल्हा. दोन आकड्यांवर ४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र असं धरून चालत नाही, कारण ४०३ हे गोव्याचं आहे, पणजी ४०३००१. सावंतवाडी ४१६५१०, तिथून पलीकडे गोव्यात राहणारा जामीनदार ही त्या भागात अगदी रोजची गोष्ट, आणि फॉर्म त्याला महाराष्ट्रात टाकत होता. हे कुणीतरी दुरुस्त केलेलं होतं, पण पाचपैकी वारसाच्या कॉपीत राहून गेलं होतं. त्यामुळे हा ब्लॉक एकच असावा आणि पाच ठिकाणी वापरावा हे ठरलं.

आता एकच ब्लॉक पाच ठिकाणी म्हणजे पाच वेगवेगळ्या स्कोपमध्ये. कायमचा पत्ता थेट कंट्रोलरच्या स्कोपमध्ये, पत्रव्यवहाराचा एनजी-इफच्या आत, जामीनदार एनजी-रिपीटच्या आत, वारसाचा तर वेगळ्या टॅबमध्ये एनजी-इन्क्लूडने आलेला. सगळी केस इथेच आहे, म्हणून इथे सावकाश जातो.

सुरुवातीला ब्लॉकचा डायरेक्टिव्ह, म्हणजे कुठेही वापरता येणारा स्वतःचा एचटीएमएल टॅग, केला आणि स्कोपबद्दल काहीच सांगितलं नाही. काही सांगितलं नाही की डायरेक्टिव्ह जिथे बसेल तिथलाच स्कोप वापरतो. एका पेजवर एकच असेल तर सुंदर चालतं, डेमोमध्ये पण चालतं. दोन ठेवले की वरच्यात पिन टाकला तर खालच्यातही तोच उमटतो, कारण दोघं एकाच स्कोपवरच्या एकाच नावावर लिहितायत. मग स्कोपला ट्रू दिलं, म्हणजे प्रत्येकाला आपापला चाइल्ड स्कोप. आता दोघं वेगळे झाले, पण आपण परत पहिल्या बगवर आलो, आत लिहिलेलं वर जात नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे ब्लॉक बाहेरचं काहीही न विचारता वाचू शकतो. जामीनदाराच्या रांगेत त्याचा स्वतःचा पत्ता अजून आलेला नसला की साखळीने वर जाऊन सभासदाचा पत्ता दाखवायचा! दुसऱ्याचा पत्ता जामीनदाराच्या नावाखाली, आणि कुणाला शंकाही येणार नाही कारण खाती भरलेली दिसतायत. रिकाम्या खात्यापेक्षा हे जास्त धोक्याचं. रिकामं खातं निदान डोळ्यात भरतं.

म्हणून आयसोलेट स्कोप. यात डायरेक्टिव्हचा स्कोप बाहेरच्या साखळीतून पूर्ण तुटतो, बाहेरचं काही हवं असेल तर नाव घेऊन मागावं लागतं, बँकेच्या काउंटरवरच्या खिडकीसारखं, जे द्यायचं घ्यायचं ते त्या फटीतूनच. किती मागायचं आणि कसं हे चिन्हांनी सांगायचं. @ म्हणजे नुसता मजकूर येणार, = म्हणजे दुतर्फा, & म्हणजे बाहेरचं एक्स्प्रेशन आतून चालवायची परवानगी, आणि १.५ मध्ये आलेलं < म्हणजे फक्त बाहेरून आत. त्याच १.५ मध्ये, २०१६ च्या फेब्रुवारीत, कॉम्पोनंट नावाची सोपी पद्धत पण आली ज्यात आयसोलेट स्कोप आपोआपच मिळतो आणि टेम्प्लेटमध्ये सगळं कंट्रोलरच्या नावाने लिहायचं, म्हणजे डॉटचा नियम आपोआप पाळला जातो. इथे व्हर्जन त्याच्या पुढचं होतं म्हणून कॉम्पोनंटच घेतला. ज्यांच्याकडे १.३ किंवा १.४ आहे त्यांना डायरेक्टिव्हमध्ये बाइंड-टू-कंट्रोलर लावून जवळपास तेच करता येतं.

माझ्या मते शेअर करायची गोष्ट आहे वागणूक: पिनवरून राज्य शोधणं, सहा आकडे तपासणं, खात्यांची मांडणी. डेटा ज्याचा त्याच्याकडेच राहिला पाहिजे. कॉम्पोनंटला बाहेरच्या व्हेरिएबलचं नाव माहीत असणं ही मला या सगळ्या प्रकरणातली मुख्य गडबड वाटते, बाकीचे बग तिचे परिणाम.

पहिल्या कॉम्पोनंटमध्ये = वापरलं गेलं कारण कोड कमी लागतो. पत्ता आत द्या, आत बदलला की बाहेरही बदललेला. मग ‘वरीलप्रमाणेच’ असं लिहिलेला आणखी एक चेकबॉक्स आला, आपल्याकडच्या कुठल्याही फॉर्मवर असतोच. टिक केलं की कायमचा पत्ता पत्रव्यवहाराच्या पत्त्याला असाइन. ऑब्जेक्ट असाइन केला की कॉपी होत नाही, दोन्ही नावं त्याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात, त्यामुळे नंतर टिक काढून पत्रव्यवहाराचं गाव बदललं की कायमच्या पत्त्याचं गावही बदलायचं. पुणे कायमचं, मुंबई पत्रव्यवहाराचं लिहायला जावं तर दोन्ही मुंबई. अँग्युलर-कॉपी, म्हणजे ऑब्जेक्टची वेगळी प्रत बनवणारं फंक्शन, वापरून हे सुटलं. पण मग रद्द करा बटणाची तक्रार आली, जुना सभासद उघडला, पत्त्यात काहीतरी खरडलं, रद्द केलं, तरी मागच्या यादीत बदललेलं दिसतंय. कारण तेच, आतला ब्लॉक यादीतल्या मूळ ऑब्जेक्टवरच लिहीत होता.

लोक म्हणतात अशा वेळी = काढून < लावा. लावलं. काहीच फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. < एवढंच बघतं की आत तुम्ही पूर्ण नवा ऑब्जेक्ट ठेवलात तर तो बाहेर जाऊ नये. ऑब्जेक्टच्या आतला पिन बदलला तर तो ऑब्जेक्ट दोघांचा एकच आहे, बदल बाहेर दिसणारच. एकतर्फी बाइंडिंग म्हणजे संरक्षण हा गैरसमज मी फार ठिकाणी बघतो. व्ह्यूमध्येही तेच, प्रॉप (बाहेरून आत दिलेली गोष्ट) थेट बदलला तर इशारा येतो, प्रॉपमधल्या ऑब्जेक्टचं खातं बदललं तर बहुतेक वेळा गप्प जातं.

शेवटी जे टिकलं ते असं. कॉम्पोनंट पत्ता < ने घेतो, ऑन-चेंजेस हुकमध्ये, म्हणजे बाहेरून नवा पत्ता आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, त्याची स्वतःची कॉपी बनवतो, टाइपिंग त्या कॉपीवर, आणि बदल झाला की & ने दिलेलं फंक्शन बोलावून नवा पत्ता बाहेर पाठवतो. बाहेरचा ठरवेल घ्यायचा का, कुठे ठेवायचा, रद्द केल्यावर टाकून द्यायचा का. ब्लॉकला माहीतही नाही की तो सभासदाचा पत्ता भरतोय की जामीनदाराचा. शीर्षक @ ने येतं, तेवढंच.

हे करताना दोन जागी अडकायला होतं, दोन्ही सांगून ठेवतो. बदल बाहेर पाठवायला प्रत्येक इनपुटवर एनजी-चेंज लावलं होतं. एनजी-चेंज फक्त माणसाने त्या खात्यात टाइप केलं की चालतं, कोडने मॉडेल बदललं तर चालत नाही. त्यामुळे पिनवरून राज्य आपोआप भरलं की स्क्रीनवर राज्य दिसायचं आणि बाहेर जायचं नाही, सेव्हमध्ये राज्य गायब. आपोआप भरल्यावर ते पाठवणारं फंक्शन हाताने बोलवावं लागतं. दुसरं, एका पेजवर सर्व्हरकडून पत्ता सुट्या खात्यांत यायचा म्हणून तिथे एक फंक्शन लिहिलं गेलं जे दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनवून देतं, आणि तेच कॉम्पोनंटला जोडलं. अँग्युलरजेएस डायजेस्टच्या, म्हणजे काय बदललं ते तपासण्याच्या, प्रत्येक फेरीत ते फंक्शन बोलावतं, दर वेळी नवा ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या मते दर वेळी बदल, म्हणजे परत फेरी, आणि १० फेऱ्या झाल्या की ते एरर देऊन थांबतं. ऑब्जेक्ट डेटा आल्यावर एकदाच बनवून ठेवायचा.

सर्व्हिसचा पण एक किस्सा झाला. पिनवरून राज्य शोधायचं टेबल सर्व्हिसमध्ये गेलं, ते योग्यच, सर्व्हिस अख्ख्या ॲप्लिकेशनमध्ये एकदाच तयार होते आणि टेबल सगळ्यांना सारखंच हवं. पण एका पिनखाली अनेक पोस्ट ऑफिसं असतात, त्यांची ड्रॉपडाउनसाठी सापडलेली यादीही त्याच सर्व्हिसमध्ये ठेवली गेली होती. पहिल्या जामीनदाराचा पिन टाकला की दुसऱ्याच्या ड्रॉपडाउनमध्ये पहिल्याची पोस्ट ऑफिसं. आयसोलेट स्कोपने जेवढं वेगळं केलं होतं तेवढं सगळं मागच्या दाराने परत एकत्र. यादी कॉम्पोनंटमध्ये आणली, सर्व्हिसकडे फक्त विचारायचं आणि उत्तर घ्यायचं. उत्तर यायला उशीर होतो, तोवर माणूस पिन बदलतो, म्हणून उत्तर आल्यावर ते आत्ताच्या पिनचंच आहे का एवढं बघून मग घ्यायचं.

भरलेलं बरोबर आहे का या तपासणीचं काम मात्र अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. कॉम्पोनंटच्या आत एनजी-फॉर्म ठेवला की तो बाहेरच्या फॉर्मला आपोआप जोडला जातो, आणि ते जोडणं स्कोपने नाही, डॉमच्या झाडाने होतं, त्यामुळे आयसोलेट स्कोप मधे आला तरी अडत नाही. आतला पिन चुकीचा असला की बाहेरचं सेव्ह बटण बंद राहतं, त्यासाठी एक ओळही जास्त लिहावी लागली नाही.

जामीनदाराच्या ब्लॉकमध्ये भाड्याने राहतो की स्वतःचं घर हे एक जादा खातं हवं होतं. त्यासाठी कॉम्पोनंटमध्ये एक स्विच टाकायचा मोह होतो, मग वारसासाठी दुसरा, आणि बघता बघता कॉम्पोनंटला पाचही जागांची माहिती होते. त्याऐवजी ट्रान्सक्लूजन वापरलं, म्हणजे जादा खातं वापरणाऱ्याने स्वतःच्या टेम्प्लेटमध्ये लिहायचं आणि कॉम्पोनंटने फक्त जागा द्यायची. तो तुकडा दिसतो कॉम्पोनंटच्या आत पण स्कोप त्याला बाहेरचा मिळतो, बाहेरच्याचा चाइल्ड. चाइल्ड म्हणजे डॉट इथेही लागणारच, जामीनदार डॉट घर असं.

कोड ठीक झाला तरी मधल्या काळात सेव्ह झालेले पत्ते राहिलेच होते. रिकामे गेलेले शोधणं सोपं, पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा ही खूण आहे आणि पिन रिकामा, अशी क्वेरी. ज्यांचा जुनाच पत्ता परत सेव्ह झाला ते क्वेरीने ओळखता येत नाहीत, तो पत्ता दिसायला एकदम खरा आहे. त्यामुळे एनजी-इफवालं रिलीज गेल्याच्या तारखेपासून दुरुस्तीच्या तारखेपर्यंत ज्या ज्या सभासदाची नोंद बदलली आणि ती खूण लागलेली आहे अशा सगळ्यांची शाखावार यादी काढून दिली, आणि शाखांनी कागदी अर्ज काढून एकेक पत्ता ताडून घेतला.